माटुंग्यातील जुनी सहभागीदारी संस्था : खिडक्या, गॅलऱ्या आणि मोठ्या दुरुस्तीचा खर्च

पहिला_मजला_माटुंगा

नमस्कार. आम्ही माटुंग्याला फाइव्ह गार्डन्सच्या बाजूला, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेल्या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारतीत राहतो. ही इमारत कोणा घरमालकाची नव्हती आणि कोणा बिल्डरने बांधून विकलेलीही नाही. काही नोकरदार कुटुंबांनी आधी सहकारी संस्था नोंदवली, संस्थेने तेव्हाच्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टकडून भूखंड भाडेपट्ट्याने घेतला आणि त्यावर सभासदांसाठी घरे बांधली. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाल्यापासून आमचा भाडेपट्टा महापालिकेकडे आहे. आज काही घरांत मूळ सभासदांची नातवंडे-पतवंडे राहतात, तर काही घरे विक्रीने नव्या कुटुंबांकडे गेली आहेत; मात्र भाडेपट्टा आणि इमारत दोन्ही अजूनही संस्थेच्याच नावावर आहेत आणि सभासदाच्या हाती असतो तो भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) व त्याबरोबर मिळणारा सदनिकेचा ताबा.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तांत्रिक तपासणी, करून घेतले. इमारत सी-२बी वर्गात आली आहे, म्हणजे रहिवाशांना बाहेर न काढता संरचनात्मक दुरुस्ती करता येईल, पण ती टाळता येणार नाही. गच्चीखालच्या छतांना ओल आहे, रस्त्याकडच्या गोलाकार गॅलऱ्यांच्या तळाचे पोपडे पडत आहेत आणि दोन छज्ज्यांतील सळया उघड्या पडल्या आहेत.

याच सुमारास दुसऱ्या मजल्यावरील एका सभासदांनी दर्शनी बाजूच्या सागवानी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या आणि आता ते गॅलरी बंद करून खोली वाढवू इच्छितात. समितीने पत्र पाठवले, तेव्हा त्यांचे उत्तर आले की घर त्यांनी बाजारभावाने विकत घेतले आहे आणि स्वतःच्या घराच्या खिडक्या कशा असाव्यात हे दुसऱ्या कोणी सांगू नये. त्यांचे म्हणणे मला अगदीच अवाजवी वाटत नाही, कारण जुन्या खिडक्यांतून पाऊस खरोखरच आत येत होता.

मी व्यवस्थापक समितीवर नुकतीच निवडून आले आहे. समितीला खिडक्या व गॅलरीबाबत मनाई करण्याचा अधिकार आहे का, मोठ्या दुरुस्तीचा खर्च सर्वांनी समान द्यायचा की क्षेत्रफळाच्या प्रमाणात, आणि केवळ निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदांना त्यात कसे सामावून घ्यायचे, हे मला जाणून घ्यायचे आहे. ही इमारत पाडली जाऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे; पण इच्छेवर दुरुस्ती होत नाही, म्हणून अनुभवी सभासदांनी कृपया सविस्तर लिहावे.

माजी_सचिव_गिरगाव

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट समजले की बाकीच्यांची वाट सोपी होते, म्हणून त्याबद्दलच अधिक लिहितो.

महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ मध्ये गृहनिर्माण संस्थांचे वर्ग सांगितले आहेत. भाडेकरू मालकी संस्थेत जमीन संस्थेकडे असते आणि त्यावरील घर सभासदाचे असते. भाडेकरू सहभागीदारी संस्थेत मात्र जमीन आणि इमारत दोन्ही संस्था धारण करते आणि सभासदांना घरे वाटून देते. तुमच्या वर्णनावरून तुमची संस्था दुसऱ्या वर्गातली दिसते. तरी नोंदणी प्रमाणपत्र आणि मूळ पोटनियम बाहेर काढून एकदा खात्री करून घ्या, कारण इतक्या जुन्या संस्थांचे पोटनियम कधी काळी बदलले गेले आणि त्याची आठवणही कोणाला राहिली नाही, असे बरेचदा होते.

मुंबईत हा प्रकार फार जुना आहे. १९०४ च्या कायद्याने केवळ पतसंस्थांना वाव दिला होता. १९१२ च्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढणे शक्य झाले आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१५ मध्ये, रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. १८९६ च्या प्लेगनंतर या शहरातील मध्यमवर्गाला हवा-उजेड असलेली घरे हवी होती, पण ती एकट्याने बांधण्याची ऐपत फारच थोड्यांची होती. कुटुंबांनी एकत्र येऊन संस्थेत भागभांडवल घालायचे, संस्थेने इमारत बांधायची आणि सभासदाने संस्थेचा भाडेकरू म्हणून तिथे राहायचे, अशी ती रचना होती. मालक आणि भाडेकरू ही एकच मंडळी असल्यामुळे भाडेवाढीची भीती नव्हती आणि घरमालकाने दुरुस्ती टाळण्याचा प्रश्नही नव्हता. दुरुस्ती टळली, तर ती आपणच टाळलेली असते.

तेव्हा दुसऱ्या मजल्यावरील सभासदांनी बाजारभावाने घेतला तो संस्थेतील भाग आणि त्यासोबतचा राहण्याचा हक्क. हा हक्क दुबळा नाही. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका सहभागीदारी संस्थेच्या प्रकरणात सदनिकेत राहण्याचा हक्क ही एक प्रकारची मालमत्ता आहे आणि ती विकता तसेच जप्त करता येते, असे स्पष्ट केले. पण दर्शनी भिंत, तिच्यातील खिडक्या, छज्जे आणि गॅलरीचा स्लॅब हे इमारतीचे भाग आहेत आणि इमारत संस्थेची आहे. आदर्श पोटनियमांनुसारही (गृहनिर्माण संस्थांसाठी शासनाने दिलेला नियमांचा नमुना) समितीच्या लेखी परवानगीशिवाय सदनिकेत भर घालता किंवा फेरबदल करता येत नाहीत, त्यामुळे समितीला मनाई करण्याचा अधिकार निश्चित आहे. याशिवाय तुमची इमारत महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, किंवा वारसा परिसरात मोडते का, हे पाहा. १९९५ पासून मुंबईत वारसा नियमावली लागू आहे, आणि इमारत यादीत असेल तर बाह्य बदलांसाठी केवळ संस्थेची परवानगी पुरणार नाही. भाडेपट्ट्यातील अटीही वाचून घ्या. गॅलरी बंद करून खोली वाढवणे हा तर बांधकाम परवानगीचा स्वतंत्र विषय आहे.

अधिकार आहे म्हणून केवळ नोटिसा पाठवत राहू नका, एवढे मात्र आग्रहाने सांगतो. आमच्या संस्थेत हा वाद काही वर्षे धुमसत होता आणि तो मिटला तो सर्वसाधारण सभेने खिडकीचा एकच नमुना मंजूर केल्यावर. वास्तुरचनाकाराकडून रेखाचित्र करून घेतले, त्यात लाकूड, काचेचे भाग, ग्रिलची नक्षी आणि वातानुकूलन यंत्र बसवण्याची जागा हे सर्व ठरवून दिले आणि दर्शनी बाजूच्या खिडक्यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चात घेतली. संस्था खर्च करते म्हटल्यावर सभासदांचा विरोध बराच निवळला. आमच्याकडे मोठ्या दुरुस्तीचा खर्च सर्व घरांनी समान वाटून घेतला, तेव्हा तुम्हीही तसेच करा असे मी सुचवेन.

काँक्रीटचा_वैद्य

मी संरचना अभियंता आहे आणि दक्षिण व मध्य मुंबईतील याच काळातील इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो. खिडक्यांचा वाद दिसण्याचा आहे असे सभासदांना वाटते, पण मला त्याच्या खालचा छज्जा आणि गॅलरीचा स्लॅब अधिक महत्त्वाचा वाटतो.

१९३० च्या दशकात मुंबईत सिमेंट काँक्रीटच्या सांगाड्याचा वापर वाढला आणि त्यामुळेच मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदान, माटुंगा, शिवाजी पार्क या भागांत गोलाकार गॅलऱ्या आणि लांब छज्जे शक्य झाले. ओव्हल व मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. माटुंग्यातील इमारतींच्या वाट्याला तो मान आला नसला, तरी बांधणी त्याच जातकुळीची आहे आणि दुखणेही तेच आहे. त्या काळी सळईवर काँक्रीटचे आवरण पातळ ठेवले जाई. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत जातो, काँक्रीटचा अल्कधर्मी गुण कमी होतो आणि सळईला मिळणारे संरक्षण संपते; यालाच कार्बोनेशन म्हणतात. त्यात समुद्राच्या खाऱ्या हवेची भर पडते. गंजलेल्या लोखंडाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून ते काँक्रीटला आतून फोडते. तुमच्या गॅलरीच्या तळाचे पोपडे हे याचेच लक्षण आहे.

कामाच्या जागी हे डोळ्यांनी पाहता येते. छज्ज्याचा एक लहान तुकडा फोडून ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारले की निरोगी काँक्रीट गडद गुलाबी होते आणि कार्बोनेशन झालेला भाग जसाच्या तसा करडा राहतो. करड्या पट्ट्याची जाडी सळईपर्यंत पोहोचली आहे की अलीकडेच थांबली आहे, यावरून कोणता छज्जा नव्याने करायचा आणि कोणता केवळ डागडुजीने वाचेल हे ठरते. ही चाचणी सभासदांसमोर करा. अहवालाची पाने जे पटवू शकत नाहीत, ते गुलाबी आणि करड्या रंगातला फरक पटवतो, असा माझा अनुभव आहे.

गॅलरी बंद करण्याचा आग्रह मात्र ठामपणे नाकारा. गॅलरीचा स्लॅब एका बाजूने आधार नसलेला, भिंतीतून बाहेर आलेला असतो आणि त्याच्या मुख्य सळया वरच्या बाजूला असतात. कठड्यावर विटांची भिंत चढवली, जड खिडकी बसवली, आत लादीवर लादी घातली की सर्वांत जास्त भार स्लॅबच्या टोकाला येतो. आणि वरच्या लादीतून पाणी मुरून तीच वरची सळई गंजत असेल, तर धोका खालून दिसतही नाही. वातानुकूलन यंत्राचे बाहेरचे युनिट छज्ज्यावर ड्रिल करून बसवणे हेही बंद झाले पाहिजे, कारण प्रत्येक भोकातून पावसाला सळईपर्यंत थेट वाट मिळते.

खिडक्यांतून पाणी येते ही त्या सभासदांची तक्रार खरी मानून चला. जुने सागवान सहसा सडत नाही. बिघडतो तो चौकटीचा खालचा आडवा भाग, चौकट व भिंत यांच्यामधली भेग आणि छज्ज्याच्या खालच्या कडेची पाणी तोडणारी खाच, जी रंगाच्या थरांनी आणि गिलाव्याने बुजून गेलेली असते. ती खाच मोकळी केली, भेग नीट भरली आणि चौकटीचा कुजलेला तुकडा कापून त्याच जातीच्या लाकडाचा सांधा दिला की बहुतेक खिडक्या सुधारतात. असे काम करणारे सुतार मुंबईत अजून आहेत, फक्त कंत्राटदाराच्या निविदेत ही बाब वेगळी लिहावी लागते. नाहीतर “खिडक्या बदलणे” असा एकच शब्दप्रयोग येतो आणि सगळे लाकूड भंगारात जाते.

हिशेबनीस_दादर

माजी सचिवांच्या बाकी सर्व म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु समान वाटणीचा सल्ला मला पटत नाही. आदर्श पोटनियमांनुसार सेवा शुल्क सर्वांना समान असते. दुरुस्ती व देखभाल निधी मात्र प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चावर, वर्षाला किमान ०.७५ टक्के दराने, आणि सिंकिंग फंड (भविष्यातील मोठ्या कामांसाठीची राखीव पुंजी) किमान ०.२५ टक्के दराने आकारायचा असतो. बांधकाम खर्च क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून मोठ्या घराने अधिक द्यावे हेच या रचनेत अभिप्रेत आहे. कोपऱ्यावरच्या मोठ्या घराला दोन गॅलऱ्या असतात आणि मागच्या लहान घराला एकही नसते. दोघांकडून सारखी रक्कम मागितली, तर लहान घरातील निवृत्त सभासदावर सर्वांत जास्त ओझे पडते. गच्चीची गळती, बाहेरच्या भिंती, सांडपाण्याचे सामाईक पाइप आणि गच्ची गळून बिघडलेली वरच्या मजल्याची छते हा संस्थेचा खर्च आहे, त्यामुळे “गच्ची आमच्या डोक्यावर नाही” हे तळमजल्याचे म्हणणे टिकत नाही. घरातल्या न्हाणीघराची किंवा सिंकची गळती असेल, तर ती ज्याची त्याने दुरुस्त करायची.

आता तुमच्यासारख्या जुन्या संस्थांच्या खऱ्या अडचणीकडे येते. हे टक्के बांधकाम खर्चावर आहेत आणि तुमचा बांधकाम खर्च १९३० च्या दशकातल्या रुपयांत नोंदलेला आहे. एका घराचा खर्च त्या वेळी काही हजार रुपये असेल, तर त्याचे ०.७५ टक्के म्हणजे आज वर्षाला शंभर रुपयेसुद्धा होत नाहीत. अशा अनेक संस्थांची हिशेबपत्रके मी पाहिली आहेत. निधी नियमाप्रमाणे जमत गेला, लेखापरीक्षकाने कधी आक्षेप घेतला नाही आणि मोठ्या दुरुस्तीच्या वेळी शिल्लक पाहिली तर त्यातून एका बाजूला परांचीसुद्धा बांधता येणार नाही. पोटनियमातील दर “किमान” आहे हे ध्यानात घ्या. सर्वसाधारण सभेला तो वाढवता येतो. तेव्हा आजच्या बांधकाम खर्चाच्या आधारावर प्रति चौरस फूट दर ठरवणारा ठराव मांडा आणि तो याच दुरुस्तीपुरता न ठेवता कायमचा ठेवा. पोटनियमांनुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे ऑडिट दर तीन वर्षांनी करायचे असते, त्याच फेरीत दराचाही आढावा घेता येईल.

निवृत्त सभासदांसाठी दुरुस्तीच्या वर्गणीचे लांब मुदतीचे हप्ते सभेच्या ठरावानेच ठरवा. थकबाकीवर सरळव्याज लावण्याची मुभा पोटनियमांत आहे, परंतु जो सभासद ठरलेला हप्ता वेळेवर भरतो तो थकबाकीदार नाही, हे ठरावात स्पष्ट लिहा, म्हणजे पुढच्या समितीला वेगळा अर्थ लावता येणार नाही. सिंकिंग फंड अवजड दुरुस्तीसाठी वापरता येतो, मात्र त्यासाठी वास्तुरचनाकाराचे प्रमाणपत्र आणि सभेची मंजुरी लागते.

तिसरा_मजला

येथे सर्वांनी दुरुस्ती होणारच असे धरले आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमची इमारतही त्याच काळातली आहे. माझ्या आईला तीन जिने चढता येत नाहीत, लिफ्टला जागा नाही, आणि गाड्या रस्त्यावर उभ्या असतात. पुनर्विकास मागणारा प्रत्येक सभासद लोभी असतो असे नाही. ज्या सभासदांना पुनर्विकास हवा आहे त्यांचेही आकडे सभेपुढे ठेवले पाहिजेत. २०१९ च्या शासन निर्णयानुसार एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते, आणि ती आहे की नाही हे मतदानाशिवाय कळणार नाही. दुरुस्तीचा ठराव चर्चेविना रेटून नेला, तर पैसे भरण्याची वेळ आली की तीच मंडळी अडून बसतील.

माजी_सचिव_गिरगाव

हा मुद्दा योग्य आहे. सभेपुढे दोन्ही प्रस्ताव ठेवावेत. तुलना करताना एक गोष्ट विसरू नये : मुंबईतील असंख्य संस्था आजही बिल्डरकडून अभिहस्तांतरण मिळवण्यासाठी, म्हणजे जमीन-इमारतीचे हक्क संस्थेच्या नावावर करून घेण्यासाठी, झगडत आहेत, आणि या इमारतींचे हक्क मात्र पहिल्या दिवसापासून रहिवाशांच्याच संस्थेकडे आहेत. पुनर्विकास करायचाच ठरला, तरी हे स्थान सोडून विकासकाच्या अटींवर जाऊ नये. स्वयंपुनर्विकासाचा, म्हणजे विकासकाशिवाय संस्थेनेच इमारत नव्याने बांधण्याचा, पर्याय आधी तपासावा. वृद्ध सभासदांसाठी मागच्या चौकात सांगाड्याला न जोडता स्वतंत्र लिफ्ट उभारता येते का, हेही अभियंत्यांना विचारावे. आमच्याकडे तशी लिफ्ट झाली आणि पुनर्विकासाची निम्मी मागणी तिथेच थांबली. वाटणीबाबत हिशेबनीसांचे म्हणणे मला मान्य आहे. आमच्याकडे सर्व घरे जवळपास एकाच मापाची आहेत, म्हणून समान वाटणी चालून गेली.

पहिला_मजला_माटुंगा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळ पोटनियम आज संस्थेच्या कपाटात सापडले. इंग्रजीत छापलेले आहेत आणि संस्था सहभागीदारी प्रकारची असल्याचे पहिल्याच पानावर आहे. समितीने पुढच्या महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्याचे ठरवले आहे. विषयपत्रिकेत खिडक्यांचा नमुना, प्रति चौरस फूट दर, हप्त्यांचा ठराव आणि दुरुस्ती की पुनर्विकास याचे मतदान हे विषय असतील. दुसऱ्या मजल्यावरील सभासदांशी मी प्रत्यक्ष जाऊन बोलले. छज्ज्याची खाच बुजल्यामुळे पाणी आत येत असावे हे त्यांना पटले आणि चाचणीसाठी त्यांनी स्वतःच्याच खिडकीवरचा छज्जा देऊ केला आहे. काढलेल्या सागवानी चौकटी त्यांनी अजून मागच्या चौकात ठेवल्या आहेत. कामांचा क्रम कसा लावावा, एवढे अभियंत्यांनी कृपया सांगावे.

काँक्रीटचा_वैद्य

चौकटी आधी उन्हा-पावसातून काढून सपाट जागी आडव्या ठेवायला सांगा, नाहीतर त्यांना पीळ बसेल. सैल झालेले पोपडे लगेच उतरवून घ्या आणि गॅलऱ्यांखाली जाळी बांधा. त्यासाठी सभेची वाट पाहू नका. त्यानंतर गच्ची. मात्र जुन्या कोब्यावर नवा थर चढवू न देता जुने थर काढूनच जलरोधन करा, कारण अशा गच्च्यांवर दोन-तीन दुरुस्त्यांचे वजन आधीच साठलेले असते. मग पावसाचे व सांडपाण्याचे पाइप, नंतर सांगाड्याची दुरुस्ती, त्यावर गिलावा, खिडक्या आणि सर्वांत शेवटी रंग. गच्ची आणि पाइप पावसाळ्यापूर्वी होत नसतील, तर रंगाची निविदा या वर्षी काढूच नका.